सप्टेंबर अडतीसची चौथी नोंद

मंगळवार, १५ फेब्रुवारी १९४४

प्रिय ताई,

हे पत्र टपालानं आलेलं नाही हे बघूनच काहीतरी बिघडलंय हे तू ओळखलं असशील. आणणाऱ्या बाईचं नाव ब्रुना. तिला आधी चुलीपाशी बसव, काहीतरी गरम दे, आणि मग वाचायला घे. दोन गाड्या बदलून आणि उरलेला घाट चालून ती आली असेल. पत्रात काय आहे ते तिला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त तुझ्यासाठी आहे, तेव्हा मोठ्यानं वाचू नकोस. तुझी पुटपुटत वाचायची सवय मला ठाऊक आहे. वाचून झालं की कागद चुलीत घाल.

मी बरा आहे. म्हणजे दात दुखतो, मोठी घंटा तोफा ओतायला नेली त्याला वर्ष झालं आणि लहान घंटेवर गाव जागं होत नाही, आणि कॉफी म्हणून चिकोरीचं पाणी पितो. बेप्पे रशियात मारला गेल्याची तार आली तेव्हा मी तुला आठ पानं लिहिली होती. त्यात तुझा नवरा जेमतेम एका ओळीत होता, बाकी सगळा दुःखाचा अर्थ. तू उत्तरादाखल लोकरीचे मोजे पाठवलेस. आपण किती मूर्खासारखं लिहिलं हे मला ते मोजे घालताना कळलं, पण तेव्हा तुला तसं कळवलं नाही. आज कळवतो. आज तत्त्वज्ञान अजिबात नाही, ताई. आज एका साडेपाच वर्षांच्या मुलीचा जीव टांगणीला लागला आहे आणि माझ्या हातात गुरुवार सकाळपर्यंतचा वेळ आहे.

आतिलिओ पेसारो तुला आठवतो. कॉलेजात माझ्या शेजारच्या वर्गात गणित शिकवायचा. आपल्याकडे जेवायला आला की तुझ्या हातचा पोलेंटा तीनदा मागून घ्यायचा, आणि मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत असताना माझ्या ताटातलं चीज उचलायचा. जन्मानं ज्यू, पण सिनेगॉगमध्ये पाऊल ठेवलं ते बापाच्या अंत्यविधीला तेवढंच. ब्रुना त्याची बायको, आपल्यासारखी कॅथलिक. सरकारनं मास्तरांना राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घालायचं ठरवलं त्या वर्षी आम्हा दोघांपुढे एकच कागद आला. बिशपसाहेबांनी मला बोलावून प्रेमानं सांगितलं, “इलारिओ, सही करून टाक. मनात काय म्हणायचं ते म्हण, देवाला ऐकू येतं.” आतिलिओनं सही केली आणि बाहेर येऊन शाईचं बोट माझ्या झग्याला पुसलं. मी राजीनामा दिला. मला ह्या नदीकाठच्या चिखलात पाठवलं, आणि इथं बसून मी खोटेपणावर अडीचशे पानं लिहिली. खोटं कधीही बोलू नये, जीव वाचवायलासुद्धा नाही. बोलणाऱ्याचं अख्खं माणूसपण शब्दात असतं, शब्द मोडला की माणूस मोडला. पुस्तक गुपचूप हातोहात फिरलं. लोक दुरून दुरून मला बघायला येऊ लागले. शपथ न घेतलेला पाद्री! ताई, तुला म्हणून सांगतो, मला ते फार गोड लागायचं. मी चांगली सात वर्षं नाकानं कांदे सोलले.

आतिलिओनं पुस्तक वाचलं, समासात चुका काढल्या आणि म्हणाला, “तुझ्या खरेपणाला बायकोपोरं नाहीत, इलारिओ, म्हणून तो एवढा ताठ चालतो.” मी हसलो होतो. तेव्हा त्याला मूल नव्हतं.

अडतीसच्या ऑगस्टमध्ये झालं. मुलगी, लुचिल्ला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रुना तिला टोपलीत घालून माझ्याकडे घेऊन आली. “फादर, आत्ताच्या आत्ता पाणी घाला हिच्या डोक्यावर. पेपरात काय काय यायला लागलंय बघता ना?” मी बघत होतो. ज्यू मास्तर काढले, ज्यू पोरं शाळेतून काढली, रोज नवं काहीतरी. तरी मी तिला म्हणालो की भीतीपोटी देवाकडे यायचं नसतं, बाप्तिस्मा म्हणजे छत्री नव्हे. आतिलिओनं मनापासून होकार द्यावा, मी त्याच्याशी चार वेळा बोलेन, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, ख्रिस्तराजाच्या सणाला, आपण थाटात करू. त्या सणाला दुसऱ्या एका राजाबद्दल काय बोलायचं, ते ऐकून पक्षाचे लोक कसे चुळबुळ करतील, हे सगळं माझं ठरलेलं होतं. मला ते मूल माझ्या प्रवचनाच्या शेवटी हवं होतं. ब्रुना म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” तीस ऑक्टोबरला बाप्तिस्मा झाला. प्रवचन छान झालं. अठरा दिवसांनी कायदा आला: ज्यू बापाच्या मुलाचा बाप्तिस्मा एक ऑक्टोबरच्या आधी झाला असेल तर मूल आपलं, नंतर झाला असेल तर ज्यू. ती तारीख तोवर कुणालाच माहीत नव्हती, मलाही नव्हती. एकोणतीस दिवस, ताई. मी ते मोजून मोजून घासून टाकले आहेत.

जानेवारीत आतिलिओ आला. नोकरी गेलेली, कोट तोच. बसलासुद्धा नाही. “महिन्याचा एक आकडा आहे. दहाचे नऊ कर.” विनवणी नाही, काही नाही, गणिताच्या मास्तरासारखं. मी त्याला समजावलं की वहीची प्रत दर वर्षअखेरीला बिशपांच्या कचेरीत जाते, ती गेली, पकडले जाऊ. हे खरं होतं, पण एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे तासभर बोललो. ही वही म्हणजे साक्ष आहे, आणि साक्ष एकदा विकली की आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय उरला, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, टोपी उचलली आणि निघाला. नंतर पाच वर्षं रस्त्यात भेटला की मान हलवायचा, पण माझ्या घरी पाय ठेवला नाही. गेल्या डिसेंबरात ब्रेडच्या रांगेतून त्याला उचलला. आता कुठल्या छावणीत आहे, आहे की नाही, ब्रुनाला पत्ता नाही.

आणि ह्या शुक्रवारी सिस्टरांच्या बालवाडीतून लुचिल्लाला नेलं. टेकडीच्या पायथ्याची मोठी व्हिला आहे ना, तिथं ज्यू लोकांना कोंडून ठेवलंय. सिस्टर गाउदेन्झिया गाडीमागे अर्धा मैल पळाली, तिची चप्पल अजून रस्त्यावर पडलेली आहे. ब्रुना सरळ कमिशनरच्या खोलीत घुसली. “माझी मुलगी बाप्तिस्मा झालेली आहे.” तो म्हणाला, “कधी, बाई?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “सप्टेंबरात.” बस, एवढंच. तो माणूस काही राक्षस नाही, हिशेबी कारकून आहे. म्हणाला, “वही दाखवा, मुलगी घेऊन जा. गुरुवारी मी स्वतः येतो बघायला. शनिवारी इथून सगळ्यांना हलवतोय, त्याच्या आत काय ते होऊ दे.” तिथून ब्रुना थेट माझ्याकडे आली. मी पुन्हा समजावीन ह्या भीतीनं तिनं मला बोलूच दिलं नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “फादर, मी तुमच्या शब्दावर थांबले होते.” तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

मी वही काढली. बिशपांच्या कचेरीतली प्रत आता नाही; गेल्या महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यात ती अख्खी इमारत जळाली. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जे होण्यासारखं नव्हतं ते आता होण्यासारखं आहे, आणि आडवा येणारा मी एकटाच. मी आडवा आलो नाही. पण वहीत नोंदी क्रमानं असतात, प्रत्येकीला नंबर असतो, आणि कागद वाचवायच्या माझ्या कंजूषपणामुळे दोन नोंदींमध्ये बोट घालायलाही जागा नाही. मध्ये नवी घुसवता येत नाही. जुनी एखादी खरवडून तिच्या जागी लिहायचं, एवढंच शक्य आहे. त्या सप्टेंबरात चार बाप्तिस्मे झाले. पहिला झानेल्लाच्या नातवाचा. दुसरा आणि तिसरी गिरणीवाल्याची जुळी, रोज माझ्या कुंपणावर चढतात. ही तिघं जिवंत आहेत, त्यांचे आईबाप जिवंत आहेत, उद्या त्यांना दाखला लागणार आहे.

चौथी नोंद कुणाची ते तुला सांगायला नको.

अठरा सप्टेंबर. आमाबिले, आईचं नाव. पुढे समासात मी काढलेला छोटा क्रूस, कारण ती त्याच दिवशी गेली. नगरकचेरीत तिची नोंद मी केलीच नाही. तू बाळंतपणाला माझ्याकडे आलेली, तुझा ताप उतरत नव्हता, तुला सोडून कुठं जाणार, आणि तीन तासांच्या जिवाची सरकारला काय खबर द्यायची, असं मला वाटलं. म्हणजे ती ह्या जगात येऊन गेली याची एकच ओळ आहे, ताई, माझ्या अक्षरात, आणि तीच एक ओळ रिकामी करण्यासारखी आहे. शनिवारी पूर्ण दिवस मी ती वही उघडून बसलो होतो. ब्रुनाला सांगितलं, जागा शोधतोय. तुला आधी विचारायचं असं मी ठरवलं. विचारलंच पाहिजे, मूल तुझं आहे. पत्र पाठवायचं, उत्तराची वाट बघायची.

पण रविवारी देवळातली मिस्सा संपल्यावर झानेल्ला दाराशी थांबला. तुला तो आठवेल, बियाण्यांचं दुकान, आता गावातला पक्षाचा सेक्रेटरी. टोपी हातात घेऊन अगदी गोड आवाजात म्हणाला, “फादर, शहरातून फोन होता. त्या सप्टेंबरात कोणाकोणाचे बाप्तिस्मे झाले म्हणून विचारत होते. मी म्हटलं, आमच्या नातवाचा, गिरणीवाल्यांच्या दोघांचा. आणि तुमच्या ताईंचं पण होतं ना काहीतरी? आमची ही सूप घेऊन आलेली, तिला आठवतंय.” तो मुद्दाम विचारत होता की साधेपणानं, अजून मला कळलेलं नाही. वहीत नोंदी चारच असणार आणि त्यातली चौथी आता पेसारोची. पाचवं मूल गेलं कुठं? मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “नाही. ते मेलेलंच जन्मलं. बाप्तिस्मा झाला नाही.”

पन्नास वर्षांतलं पहिलं खोटं. पोरं खोटं बोलताना जिथं चाचरतात तिथंही मी चाचरलो नाही. झानेल्लानं छातीवर क्रूस केला. “अरेरे. बिचारं. म्हणजे देवाघरी पण नाही.” मग टोपी घालता घालता म्हणाला, “साहेबांना वाटलंच तर वरच्या गावात माणूस पाठवतील हं, ताईंकडे. त्यांचं आपलं सगळं पक्कं असतं.”

मग उत्तराची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. दुपारी मी दफनभूमीत गेलो. आमाबिलेवर तू लावलेली ती लोखंडी पाटी उपटली. बाप्तिस्मा न झालेलं मूल आपल्या भिंतीच्या आत पुरत नाहीत हे झानेल्लालाही माहीत आहे. तो बघायला येणार. भिंतीबाहेर कुंपणाशी, जिथं तशी मुलं ठेवतात, तिथं मी एक बिननावाचा लाकडी क्रूस रोवला आणि थोडी माती वरखाली केली. आमाबिलेला मी हलवलेलं नाही. ती आहे तिथंच आहे, पवित्र मातीत, फक्त वर काही नाही. पाटी माझ्या गादीखाली आहे.

आज सकाळी ओळ खरवडली. दाढीच्या पात्यानं, कागद ओला न करता, एकेक अक्षर. मग ब्रेडच्या गरानं घासलं आणि नखानं चोळून गुळगुळीत केलं, नाहीतर शाई फुटते. तेव्हाची शाई थोडी कपाटात उरली होती, तिच्यात चिकोरीचं पाणी घातलं तेव्हा कुठं रंग जुळला. धर्ममाता म्हणून सुईणीचं नाव होतं तेच ठेवलं. ती बिचारी गेल्या वर्षी वारली, तिला कुणी विचारणार नाही. तीस ऑक्टोबरच्या खऱ्या नोंदीपुढे त्याच शाईनं जोडलं की पाणी सप्टेंबरातच घातलेलं, आज फक्त उरलेले विधी; गावानं सणाला पाहिलं ते एवढंच, असं सांगता येईल. क्रूस सगळ्यात शेवटी खरवडला. तो निघता निघेना, मी तेव्हा फार दाबून काढला होता. उजेडात पान तिरकं धरलं तर तिथं अजून खळगा दिसतो. गुरुवारी पाऊस असू दे, एवढंच मागणं आहे. पकडला गेलो तर मलाही त्याच गाडीत बसवतील, आणि खरं सांगायचं तर त्याची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती पोरगीही त्या गाडीत असेल याची.

आता तुझं काम. परवानगी मागायची वेळ गेली, तेव्हा ती मी मागत नाही. त्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस. चौकातल्या भोंग्यावर भाषण गर्जत होतं, खिडक्या लावूनही आत येत होतं. तू जागी झालीस तोवर ती गेली होती. तू तिला जिवंत पाहिलंच नाहीस. मला विचारलंस, “रडली का रे? खरं सांग.” मी म्हटलं, रडली, तीन तास होती, मी पाणी घातलं, आमाबिले म्हटलं. आणि तू मानलंस. पुन्हा कधी विचारलं नाहीस, कारण इलारिओ खोटं बोलत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. माझ्या त्या ताठ खरेपणाचा उपयोग झालेलं माणूस अख्ख्या आयुष्यात एकच, ते तू. आणि आता तेच मी तुझ्याकडून काढून घेतो आहे. कुणी वर आलं, पोलीस असो, झानेल्ला असो, गोड बोलणारी बाई असो, तर तू सांगायचंस की बाळ मेलेलंच आलं होतं, पाणी मिळालं नाही. एकदा नाही, विचारतील तितक्या वेळा. रडायला आलं तर रड, रडणं शोभून दिसेल. तुला नाही जमलं तर मी तुला दोष देणार नाही, पण ब्रुनाकडे एकदा बघ आणि मग ठरव. आजपासून मी खोटं बोलणारा माणूस आहे, माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं कुणाला म्हणायचा मला हक्क नाही. तरी तुला म्हणतो. ती रडली होती, ताई. बारीक आवाजात, पण चांगला वेळ रडली. मी पाणी कोमट करून घेतलं होतं.

तुझाच,
इलारिओ